परीक्षेपेक्षा वर्गणी: पेंडल्टन कायद्याने नेमके काय थांबवले?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला केंद्र सरकारातले किती कर्मचारी मर्जीने काढता यावेत, हा वाद तिथे काही वर्षे धुमसतो आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘शेड्यूल एफ’ नावाचा नोकरांचा नवा वर्ग तयार करणारा आदेश काढला. जानेवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांनी तो रद्द केला. २० जानेवारी २०२५ रोजी, दुसऱ्यांदा शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी तो परत आणला आणि त्याचे नाव बदलून ‘शेड्यूल पॉलिसी/करिअर’ केले. धोरणाशी संबंध येणाऱ्या पदांवरच्या कायम कर्मचाऱ्यांचे अपिलाचे संरक्षण काढून घेणे, हा त्याचा गाभा. एप्रिल २०२५ च्या प्रस्तावित नियमांत अशा पदांचा सरकारी अंदाज सुमारे ५० हजार, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता.

एक बाजू म्हणते, लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचे न ऐकणारी नोकरशाही ही लोकशाहीची थट्टा आहे. दुसरी म्हणते, तज्ज्ञांना हटवून होयबा भरले की कारभार बुडालाच. पहिलीला सगळीकडे ‘डीप स्टेट’, म्हणजे निवडून आलेल्यांना न जुमानणारी छुपी सत्तायंत्रणा, दिसते. दुसरी केंद्रीय नोकरभरतीला परीक्षा लावणाऱ्या १८८३ च्या पेंडल्टन कायद्याचा दाखला देते, आणि तोही पुराणातल्या गोष्टीसारखा: आधी लुटारूंचे राज्य होते, मग सज्जन उभे राहिले, परीक्षा आल्या, लायक माणसे आली, भ्रष्टाचार संपला. इतिहास असा घडलेला नाही. आणि ही गोष्ट खरी मानून वाद घातला की सुधारणेची बाजू घेणारेच हरतात, कारण समोरचा शांतपणे विचारतो, ‘मग या तुमच्या लायक माणसांना जाब कोण विचारणार?’ त्याला यांच्याकडे धड उत्तर नसते.

माझे म्हणणे असे आहे. पेंडल्टन कायद्याचे सर्वांत मोठे काम परीक्षा हे नव्हते. सरकारी कारकुनाच्या पगारातून सत्ताधारी पक्षाच्या तिजोरीत जाणारी नळी त्याने कापली. परीक्षा हे त्या कामाचे हत्यार होते. म्हणून आज ‘तज्ज्ञ की जनता’ असे विचारण्यात अर्थ नाही. वरिष्ठाने नियमाबाहेरचे काही मागितले आणि कर्मचाऱ्याने नकार दिला, तर त्याची भाकरी कोणाच्या हातात राहते, हे विचारले पाहिजे. या कसोटीवर नवी व्यवस्था घातक आहे; तिच्या समर्थकांच्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत, तरीही.

त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घेऊ. सत्ता बदलली की नोकर बदलायचे ही रीत अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात, १८२९ पासून, रूढ झाली, तेव्हा ती सुधारणा म्हणूनच आली होती. त्याआधीच्या चाळीस वर्षांत खात्यांतल्या बऱ्याच जागा सुखवस्तू, शिकलेल्या घराण्यांच्या वर्तुळात फिरत असत. जॅक्सन यांनी डिसेंबर १८२९ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, पाठवलेल्या पहिल्या संदेशात मांडले, की सरकारी काम इतके साधे असते, किंवा तसे करता येते, की कोणताही समजदार माणूस ते सहज शिकेल. आणि फार काळ खुर्चीत बसलेल्याला ती खुर्ची स्वतःची मालमत्ता वाटू लागते. यात खोटे काय आहे? कायम नोकरीतला अधिकारी लोकांना कसा वागवतो हे मराठी वाचकाला कोणी सांगायला नको. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलालाही सरकारी टेबलावर बसता यावे, ही मागणी न्याय्यच होती.

पण पद फिरते ठेवण्याचा विचार आणि पद बक्षीस म्हणून वाटण्याचा व्यवहार यांत अंतर राहिले नाही. १८३२ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम मार्सी यांनी भर सिनेटमध्ये सांगून टाकले, की शत्रूची लूट विजेत्याची असते. जॅक्सन यांनीच न्यूयॉर्क बंदरावर जकातीचे कलेक्टर म्हणून नेमलेले सॅम्युएल स्वार्टवाउट १८३८ मध्ये युरोपला निघून गेले, तेव्हा हिशेबात १२ लाख डॉलरहून मोठे भगदाड निघाले. हे उदाहरण सगळे देतात. मला ते फारसे महत्त्वाचे वाटत नाही. चोरी कोणत्याही व्यवस्थेत होते आणि कधी ना कधी उघडकीस येते. खरा रोग दुसरा होता आणि त्यात चोरीचा शिक्काही नव्हता. नेमणुकीच्या बदल्यात कर्मचाऱ्याने दरवर्षी, विशेषतः निवडणुकीच्या वर्षी, पगाराचा ठरलेला हिस्सा पक्षाला द्यायचा. त्याला ‘स्वेच्छेची वर्गणी’ म्हणत.

न्यूयॉर्कचे कस्टम हाउस घ्या. १८७२ नंतर केंद्राला आयकर मिळत नव्हता. उत्पन्नाचा मोठा आधार आयात जकात होता आणि देशातली दोन तृतीयांशाहून अधिक जकात या एका बंदरावर जमा होई. हजाराहून अधिक माणसे तिथे कामाला होती. १८७१ ते १८७८ या काळात तिथले कलेक्टर होते चेस्टर आर्थर, म्हणजे पुढे ज्यांनी पेंडल्टन कायद्यावर सही केली तेच. त्यांचे आश्रयदाते सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग. १८७४ पर्यंत कायदा असा होता, की दंड आणि जप्तीच्या रकमेतला एक वाटा सरकारला आणि उरलेला खबऱ्या, कलेक्टर व आणखी दोन अधिकाऱ्यांत वाटला जाई. फेल्प्स-डॉज या व्यापारी पेढीच्या बिलांत किंमत कमी दाखवल्याचा आरोप आला. बुडालेली जकात अगदी किरकोळ होती, पण कायद्याच्या अक्षराप्रमाणे सगळा माल जप्त करण्याची भीती घालता येत होती. १८७३ मध्ये पेढीने २ लाख ७१ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. त्यातले सुमारे २२ हजार एकट्या आर्थर यांच्या वाट्याला आले, आणि ते पूर्णपणे कायदेशीर होते. पुढच्याच वर्षी काँग्रेसने ही वाटणी बंद करून कलेक्टरला १२ हजार डॉलरचा बांधीव पगार ठरवला. माणूस तोच राहिला, पण व्यापाऱ्याला पिळण्यातला त्याचा फायदा संपला. १८७० च्या दशकातली ही छोटीशी दुरुस्ती मला पुढच्या पुष्कळ मोठ्या भाषणांहून शहाणपणाची वाटते.

वर्गणी मात्र चालूच राहिली. राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेस यांनी जून १८७७ मध्ये आदेश काढला: केंद्रीय नोकरांनी पक्षाच्या समित्यांचे काम करू नये, कोणाकडूनही पक्षासाठी पैसा गोळा होऊ नये. त्याच वर्षी जॉन जे यांच्या आयोगाने न्यूयॉर्कच्या कस्टम हाउसची चौकशी करून माणसे वीस टक्क्यांनी कमी करा अशी शिफारस केली. म्हणजे पाचातला एक जण पक्षाच्या सोयीसाठी पोसला जात होता. आदेशाचे काय झाले? तिथलेच दुसरे अधिकारी अलॉन्झो कॉर्नेल यांनी रिपब्लिकन पक्षाच्या राज्य समितीचे अध्यक्षपद सोडायला चक्क नकार दिला. त्यांना आणि आर्थर यांना हटवायला हेस यांना जुलै १८७८ उजाडला, कारण त्यांनी सुचवलेली नवी नावे कॉन्कलिंग सिनेटमध्ये पाडत होते. पुढच्या वर्षी कॉर्नेल न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १८८० मध्ये आर्थर देशाचे उपराष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षाच्या मनाईला बाहेरून राबवणारा कोणी नसला की तिचे मोल किती असते, हे यावरून दिसते. हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडेल.

आता १८८२. जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या आणि १९ सप्टेंबरला ते वारले. मारेकरी चार्ल्स गिटो पॅरिसच्या वकिलातीतली जागा मागत फिरणारा उमेदवार होता. देश हळहळत होता, सुधारणा संघ उभे राहत होते. अशा वातावरणात मे १८८२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या काँग्रेस निवडणूक समितीचे अध्यक्ष हबेल यांनी केंद्रीय नोकरांना पत्रे पाठवली: वार्षिक पगाराच्या दोन टक्के रक्कम द्यावी, ही ऐच्छिक वर्गणी आहे, आणि वरून कोणाचीही हरकत येणार नाही. ज्यांनी दिली नाही त्यांना पुन्हा दुसरे पत्र गेले. वॉशिंग्टनच्या खात्यांतल्या पहिल्या श्रेणीच्या कारकुनाचा पगार वर्षाला १,२०० डॉलर. त्याचे दोन टक्के म्हणजे २४ डॉलर, साधारण आठवड्याची कमाई. पत्र कोणाला पोहोचले आणि कोणी दिले नाही याची यादी समितीकडे. ज्याची नोकरी याच पक्षाच्या मेहेरबानीवर आहे, तो माणूस अशा ‘ऐच्छिक’ पत्राचा अर्थ काय लावेल?

हे बेकायदा नव्हते का? १८७६ च्या एका कायद्याने केंद्रीय नोकराने दुसऱ्या केंद्रीय नोकराकडून राजकीय कामासाठी पैसे घेण्यास बंदी होती. न्यूयॉर्कमधला एक अधिकारी त्याखाली दोषी ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाने १८८२ मध्ये तो कायदा वैधही ठरवला. पण हबेल स्वतः काँग्रेसचे सदस्य होते. सदस्य म्हणजे त्या कायद्याच्या अर्थाने सरकारी नोकर नव्हे, असा अर्थ लावला गेला आणि पत्रे जात राहिली. नोकराने नोकराकडून घ्यायचे नाही ना? मग नेता घेईल.

ही पळवाट कायदा लिहिणाऱ्यांनी नीट पाहून ठेवली होती. ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर जॉर्ज पेंडल्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मसुद्यावर मुख्य हात न्यूयॉर्कचे वकील डॉर्मन ईटन यांचा. नोव्हेंबर १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृह गमावले, आणि जाणाऱ्या त्याच काँग्रेसने डिसेंबरच्या अखेरीस सिनेटमध्ये ३८ विरुद्ध ५, जानेवारीत प्रतिनिधिगृहात १५५ विरुद्ध ४७ मतांनी कायदा मंजूर केला. १६ जानेवारी १८८३ रोजी आर्थर यांनी सही केली. त्याची शेवटची कलमे वाचावीत, कारण शाळेच्या पुस्तकांत ती येत नाहीत. सिनेटर आणि प्रतिनिधी यांना नाव घेऊन बंदी: त्यांनी केंद्रीय नोकराकडे राजकीय वर्गणी मागायची नाही. सरकारी इमारतीत, सरकारी खोलीत कोणीही मागायची नाही. वर्गणी दिली म्हणून बढती नाही, दिली नाही म्हणून बडतर्फी नाही. मोडल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद. हबेल ज्या फटीतून निसटले ती अशी बुजवली.

आणि परीक्षा? ती होती, पण सुरुवातीला नोकरवर्गाच्या जेमतेम एक दशांश हिश्शाला लागू: वॉशिंग्टनच्या खात्यांतले कारकून, आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेली कस्टम हाउसे व पोस्ट ऑफिसे. लेखी स्पर्धा, गुणानुक्रमे यादी, यादीतल्या वरच्या चारांतून (पुढे तिघांतून) निवड, मग उमेदवारीचा काळ. काँग्रेस सदस्याची शिफारस उमेदवाराच्या चारित्र्यापुरती आणि रहिवासापुरतीच चालेल. यात नवे काय होते? परीक्षा १८५३ पासून होतीच, पण ती नुसती पास होण्याची होती, स्पर्धेची नव्हती. मर्जीतल्या उमेदवाराबरोबर दोन अडाणी बसवले की काम झाले. नवी होती ती उघडी स्पर्धा. तिने पक्षाच्या हातून नेमणुकीचे दान काढून घेतले, म्हणून वर्गणीच्या बंदीला दात आले. उपकारच केलेला नाही, तर परतफेड मागणार कोणत्या तोंडाने?

एक गोष्ट मात्र कायद्यात मुद्दाम नव्हती. वर्गणीचे कारण सोडले तर कर्मचाऱ्याला काढण्यावर बंधन नव्हते. जॉर्ज विल्यम कर्टिस यांच्यासारख्या सुधारकांचे म्हणणे असे, की पुढचा दरवाजा राखला की मागचा आपोआप राखला जातो. काढलेल्याच्या जागी आपला माणूस बसवताच येत नसेल तर काढेल कोण? हा तर्क मोठ्या कार्यालयांत बऱ्यापैकी चालला. जिथे परीक्षा नव्हती तिथे धूळधाण चालूच राहिली. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या पहिल्या कारकीर्दीत पोस्ट खात्याचे उपप्रमुख ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी हजारोंच्या संख्येने रिपब्लिकन पोस्टमास्तर बदलले. १८८९ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पक्षाने तसाच बदला घेतला. रेल्वे टपाल सेवा परीक्षेखाली आणण्याचा क्लीव्हलँड यांचा आदेश मार्च १८८९ पासून लागू व्हायचा होता. हॅरिसन यांनी ती तारीख मेपर्यंत ढकलली आणि मधल्या आठवड्यांत डेमोक्रॅट कर्मचारी काढून आपले भरले. एवढ्याशा फटीचाही फायदा घेतला गेला.

इथे आक्षेप घेणारा म्हणेल, की मग रिपब्लिकनांनी १८८३ मध्ये कायदा केला तोही सत्ता जाणार हे दिसले म्हणून, आपली माणसे कायम करायला. बरोबर आहे. पुढेही प्रत्येक जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने आणखी जागा परीक्षेखाली आणल्या त्या पुष्कळदा याच हेतूने, आणि त्यामुळेच शतक संपेपर्यंत निम्म्याच्या जवळपास जागा कायद्याखाली आल्या. मला यात सुधारणेची नामुष्की दिसत नाही. सगळे साधू झाल्यावरच टिकणारी सुधारणा काय कामाची? जिला हरणाऱ्याचा स्वार्थही बळ देतो, ती टिकते.

सुधारकांवरचा दुसरा आरोप जास्त गंभीर आहे आणि तो मान्य करायला हवा. त्यांतल्या अनेकांना गरिबांचे, स्थलांतरितांचे राजकारणच नको होते. १८७७ मध्ये गव्हर्नर टिल्डेन यांनी नेमलेल्या आयोगाने न्यूयॉर्क राज्यातल्या शहरांचा पैसा सांभाळणारे मंडळ फक्त करदात्यांनी आणि ठरावीक भाडे भरणाऱ्यांनी निवडावे, असे सुचवले होते. म्हणजे मजुराचे मतच बाद. उलट न्यूयॉर्क शहरातल्या टॅमनी हॉलसारखी डेमोक्रॅट पक्षयंत्रणा आयरिश कुटुंबाला हिवाळ्यात कोळसा देई, नागरिकत्वाचे कागद करून देई, पोराला नोकरी लावी. याला कोणी फुकटची नाटके म्हणू नये. परीक्षेतही दार बंद करण्याची सोय असते, आणि इथे आपला संबंध अगदी थेट येतो. ईटन यांनी हेस यांच्या सांगण्यावरून ब्रिटनच्या सनदी सेवेचा अभ्यास केला होता, आणि ब्रिटनने खुल्या स्पर्धापरीक्षेचा पहिला मोठा प्रयोग हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी १८५५ मध्ये केला होता. कागदावर ती सगळ्यांना खुली होती. पण ती लंडनमध्ये होई, आणि १८७० च्या दशकात वयाची अट २१ वरून १९ वर आणल्यावर इथल्या मुलांना ती जवळपास अशक्य झाली. हिंदुस्थानात एकाच वेळी परीक्षा घ्यायला १९२२ साल उजाडावे लागले. गुणवत्ता हा शब्द उच्चारला की अन्याय संपला, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

अमेरिकेतला याहून कडवट दाखला वुड्रो विल्सन यांच्या काळातला. १९१३ पासून पोस्ट आणि अर्थ खात्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवले जाऊ लागले आणि १९१४ मध्ये नोकरीच्या अर्जासोबत फोटो लावणे सक्तीचे झाले. त्याआधी याच परीक्षेने शेकडो कृष्णवर्णीय तरुणांना वॉशिंग्टनमध्ये स्थिर नोकऱ्या मिळवून दिल्या होत्या. मग भेदभाव शिरला कुठून? उत्तरपत्रिकेतून शिरला नाही. गुणानुक्रमाने आलेल्या तीन नावांतून कोणाला घ्यायचे हे ठरवणाऱ्या साहेबाच्या हाती फोटो आला आणि तिथून तो शिरला. फोटोची अट १९४० मध्ये गेली. म्हणजे आक्षेप खरा आहे, पण तो ज्या बाजूने आणला जातो तिच्याच विरोधात जातो. मर्जीला जागा वाढवली की दुबळ्यांना न्याय मिळतो, असा पुरावा या इतिहासात कुठेच नाही. आणि टॅमनीचा कोळसा? तो मताच्या बदल्यात होता. जे हक्काने मिळायला हवे ते उपकार म्हणून मिळाले की माणूस कायमचा बांधला जातो.

तिसरी गोष्टही कबूल. नळी कापली तरी पैशाने दुसरी वाट शोधली. कारकुनाची वर्गणी आटली तशी पक्षांची भिस्त कंपन्यांवर गेली. १८९६ मध्ये रिपब्लिकन प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम मॅकिन्ली यांच्यासाठी बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का अशी आकारणीच लावली. स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. ही तीच जुनी रीत, फक्त देणारा बदलला. १९०५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या विमा कंपन्यांच्या चौकशीत विमेदारांचा पैसा निवडणुकीत गेल्याचे उघड झाले आणि १९०७ च्या टिलमन कायद्याने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पण ती राबवायला स्वतंत्र यंत्रणा १९७० च्या दशकापर्यंत नव्हती. यावरून काही जण म्हणतात, पेंडल्टन कायद्याने भ्रष्टाचार कमी केला नाही, नुसता हलवला. मला हे पटत नाही. २४ डॉलर देणाऱ्या कारकुनाला नकाराची सोय नव्हती आणि त्याच्या हातात जनतेची पत्रे, जनतेची जकात होती. ती वेठ संपली, हे छोटे काम नाही.

आता आजच्या तक्रारीकडे. कामचुकार कर्मचाऱ्याला अमेरिकेत काढणे खरोखर जिकिरीचे आहे. आधी लेखी सुधारणा-मुदत द्यायची, कामाच्या नोंदी ठेवायच्या, मग तीस दिवसांची नोटीस, त्याचे उत्तर, निर्णय, आणि त्यावर तीस दिवसांत तीन सदस्यांच्या ‘मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड’कडे अपील. सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५ मध्ये सांगितले, की यात सहा महिने ते वर्ष, कधी अधिकही जाते. त्या बोर्डाचे हाल तर पाहण्यासारखे झाले: जानेवारी २०१७ ते मार्च २०२२ अशी पाच वर्षांहून अधिक गणसंख्याच नव्हती आणि सुमारे ३,८०० प्रकरणे तुंबली. निर्दोष कर्मचारी लटकला, वरिष्ठही लटकला. संरक्षणाची बाजू घेणाऱ्यांनी हे झाकून ठेवू नये.

पण यावर औषध १८२९ कडे परतण्याचे कसे? मधे एक टप्पा आहे जो दोन्ही बाजू विसरतात. १९१२ च्या लॉइड-ला फॉलेट कायद्याने बडतर्फीवर पहिले सर्वसाधारण वैधानिक बंधन घातले, आणि ते किती हलके होते पाहा: काढायचे तर सेवेच्या कार्यक्षमतेसाठीच; कारणे लेखी द्यायची; कर्मचाऱ्याला लेखी उत्तराला वाजवी वेळ द्यायचा. साक्षीदार, सुनावणी सक्तीची नाही. आजचे जाडजूड पापुद्रे नंतरचे आहेत: १९४४ मध्ये माजी सैनिकांना अपील, १९६२ मध्ये केनेडी यांच्या आदेशाने इतरांना, १९७८ मध्ये सगळ्याची नवी बांधणी. कार्यपद्धती जड झाली असेल तर पापुद्रे काढा. लेखी कारण आणि बाहेरच्या माणसापुढे दाद, हे दोन कशाला काढता?

समर्थक म्हणतात, नव्या आदेशात पक्षनिष्ठेची अट नाहीच. राष्ट्राध्यक्षाला व्यक्तिशः पाठिंबा देण्याची गरज नाही, धोरण प्रामाणिकपणे राबवले की झाले, आणि वशिलेबाजीला मनाईही लिहिली आहे. आदेशात तसे लिहिलेले आहे, हे खरे. पण ती मनाई मोडली तर काढलेल्या कर्मचाऱ्याने जायचे कुठे? बोर्डाचे दार बंद. उरते त्याचेच खाते, ज्याने त्याला काढले. हेस यांच्या १८७७ च्या आदेशातही मनाई होती. ती कॉर्नेल यांनी पायदळी तुडवली आणि गव्हर्नर झाले.

‘निवडून आलेल्याला हात नाहीत’ हा दावाही आकड्यांपुढे टिकत नाही. राष्ट्राध्यक्ष आजही सुमारे चार हजार जागा राजकीय नेमणुकीने भरतो; ब्रिटनमध्ये सरकार बदलले की मंत्री आणि सल्लागार मिळून दोन-अडीचशे माणसे बदलतात. निक्सन यांच्या व्हाइट हाउसच्या नेमणूक विभागाने १९७० च्या दशकात कायम नोकरांना पळवून लावण्याची एक पुस्तिकाच तयार केली होती, जी वॉटरगेटच्या चौकशीत बाहेर आली. नको असलेल्याला आवडत नसलेल्या शहरात बदली द्या. घर-संसार असलेल्याला देशभरच्या लहान लहान गावांच्या अखंड दौऱ्यावर पाठवा. त्याच्या वर नवा अधिकारी बसवून त्याचे काम काढून घ्या. किळस यावी असा मजकूर आहे. तरी त्यातून एक कळते: कायद्याचे संरक्षण खरेच आड येत होते, नाहीतर या कसरती कशाला लागल्या असत्या?

मला सर्वांत जास्त राग मात्र संरक्षणाच्या बाजूच्या लोकांचाच येतो. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी १८७१ मध्ये परीक्षेसाठी आयोग नेमला होता. तो काँग्रेसच्या वार्षिक पैशावर तगून होता, पैसा बंद झाला आणि १८७५ मध्ये परीक्षा थांबल्या. पेंडल्टन यांची व्यवस्था टिकली ती संपूर्ण कायद्यात लिहिली गेली म्हणून. २०२१ आणि २०२२ मध्ये डेमोक्रॅटांकडे दोन्ही सभागृहे होती. शेड्यूल एफ रोखणारे विधेयक सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले; सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही. मग एप्रिल २०२४ मध्ये बायडेन प्रशासनाने एक नियम केला, जो पुढचे प्रशासन दुसऱ्या नियमाने पुसू शकत होते. जे काम काँग्रेसच करू शकते ते असे: अपिलाचा निकाल ठरावीक महिन्यांत लागलाच पाहिजे अशी मुदत घाला, बोर्डाची गणसंख्या नसेल तर प्रकरण थेट केंद्रीय न्यायालयात जाईल असे लिहा, १९१२ ची दोन-तीन वाक्ये सर्व कायम पदांना अपवाद न ठेवता लागू करा, आणि बाकीची कार्यपद्धती निर्दयपणे छाटा. रिपब्लिकनांची कामचुकारांबद्दलची तक्रार त्यात भागते, आणि नोकरी जाईल म्हणून खोट्या आकड्यावर सही करण्याची पाळी कोणा कारकुनावर येत नाही.